बाईंचं समथिंग डिफरंट

अनुसूयाबाईंनी नागावात एकतीस वर्षं मुलांना कार्यानुभव शिकवला आणि एवढ्या वर्षांत एकाही मुलाच्या वस्तूला वाईट म्हटलं नाही. आता, वस्तू वाईट नसायच्या अशातला भाग नाही. काथ्याचं पायपुसणं पाय ठेवताच उसवायचं, करवंटीचे दिवे कलंडायचे, पुठ्ठ्याच्या घराचं दार भिंतीपेक्षा उंच निघायचं. बाई ती वस्तू हातात घेत, जरा लांब धरत, मान तिरकी करत आणि म्हणत, "वा! समथिंग डिफरंट!"

हे शब्द त्यांनी उचलले होते एका साहेबांकडून. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांच्या हातात एका मुलीची टोपली पडली, आणि टोपलीच्या बुडाला हे एवढं भोक. साहेबांनी भोकातून आरपार बघितलं, हसले आणि "समथिंग डिफरंट" म्हणून पुढे सरकले. मुलगी वाचली, बाईही वाचल्या. बाईंना ते फार आवडलं, त्याला कारण होतं. त्या स्वतः चौथीत असताना त्यांचा भरतकामाचा रुमाल शिक्षिकेने अख्ख्या वर्गाला दाखवून खिडकीबाहेर टाकला होता. पासष्टी उलटली तरी तो रुमाल बाईंच्या मनातून गेला नव्हता. आपल्या वर्गातून कुणाचं काही खिडकीबाहेर जाणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

त्या शब्दांमागे काय आहे ते गावाने केव्हाच ओळखलं होतं. गाव कुठे एवढं भोळं असतं! आमटी खारट झाली की नवरा म्हणायचा, "आज समथिंग डिफरंट आहे हं," आणि गुमान पान संपवायचा. नव्या जावयाने हौसेने कुंपण रंगवलं, तेव्हा सासरेबुवाही तेवढंच बोलले. ऐकणारा समजायचा, ओशाळं हसायचा, विषय बदलायचा. बाईंना हे माहीत होतं आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. गावात भांडणं काय कमी होतात, त्यातली चार आपल्यामुळे टळली, एवढंच त्यांचं म्हणणं.

निवृत्त झाल्या तरी बाईंना सुट्टी नव्हती. नागावात आता वाडी तिथे होमस्टे, आणि निम्मे मालक बाईंचे विद्यार्थी. पडदे घ्यायचे असोत की नावाची पाटी रंगवायची असो, आधी बाईंना बोलावून दाखवायचं आणि मग ठरवायचं, असा रिवाजच पडून गेला होता.

तसंच त्या शनिवारी देवव्रतने त्यांना बोलावलं. त्याच्या नारळीपोफळीच्या वाडीत नवीन चार खोल्या उठल्या होत्या आणि ओट्यासाठी बारा खुर्च्या हव्या होत्या. नमुन्याची एक खुर्ची महिपतने करून आणली होती. देवव्रत आणि महिपत दोघेही बाईंच्या एकाच वर्गातले. महिपत इतकी वर्षं किनाऱ्यावर पर्यटकांची जीप चालवायचा. वादळात त्याच्या परड्यातला फणस पडला, ते लाकूड त्याने विकलं नाही. सुकवलं, जपलं, आणि यंदा जीप सोडून सुतारकामाला लागला. ही खुर्ची म्हणजे त्याचं पहिलं मोठं काम. बारा खुर्च्या मिळाल्या तर धंदा उभा, नाहीतर सोमवारपासून पुन्हा जीप. हे त्याने बाईंना वाडीच्या दारातच सांगून टाकलं होतं.

खुर्ची दिसायला पिवळीधमक, सुरेख. बाई बसल्या आणि ती डुगडुगली. बाईंनी झटकन पाऊल जमिनीवर घट्ट रोवलं, म्हणजे डुगडुग कुणाला दिसू नये. पाठ टेकली तर पाठीत फळी रुतली. उजव्या हाताखालच्या सांध्यात लाकडाचा भुसा आणि गोंद भरलेला बोटाला लागला. समोर महिपत उभा होता, नवा शर्ट घालून, हात पुसायचं फडकं खांद्यावर. अडतीस वर्षांचा बाप्या, पण चेहरा निकाल लागायच्या दिवशीच्या पोरासारखा.

"वा," बाई म्हणाल्या, "समथिंग डिफरंट!"

देवव्रतने हसू दाबलं. "छान, छान. बघू मग, महिपत. सांगतो तुला." पुढे चहा आला, पावसाळी सहलींचा विषय निघाला. निघताना देवव्रतने हलक्या आवाजात बाईंना सांगितलं की बुधवारी माणगावला जाऊन तयार खुर्च्या घेऊन येतो. महिपतने तोवर खुर्ची उचलून डोक्यावर घेतली होती, पण ते त्याच्या कानावर गेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तुळशीला पाणी घालत होत्या, तर महिपत फाटकात. खुर्ची बरोबरच होती.

"ये रे, बस. चहा टाकते."

"चहा नको, बाई. उद्यापासनं जीपवर जातोय, तेवढंच सांगायला आलो." तो पायरीवर बसला. खुर्ची त्याने अंगणात ठेवली, ती एका अंगाला झुकली. "आनि एक विचारायचं हाय. रागावू नका."

"विचार की."

"सहावीत मी लाकडाची पेटी केलती. झाकन बसत नव्हतं. आठवतं?"

बाईंना आठवत नव्हतं. झाकण न बसणाऱ्या पेट्या एकतीस वर्षांत काय थोड्या होत्या!

"तुम्ही म्हनालात, समथिंग डिफरंट. आनि मृणालीची पेटी हातात घेतलीत, ती पार उलटी करून बघितलीत. म्हनालात, ही कड घास, हितं खिळा तिरका गेलाय, काढ. दोन वेळा परत करायला लावलीत तिला. ती रडली. मी तिच्याकडं बघत बसलो. मला वाटलं, काय नशीब हाय हिचं."

"नशीब?"

"व्हय. ज्याचं बरं असायचं त्याच्या चुका तुम्ही दाखवायचात. ज्याचं बिघडलेलं, त्याच्याकडं बघून हसायचात. वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, बाई. समथिंग डिफरंट म्हंजे ह्याच्यावर मेहनत घेण्यात अर्थ न्हाय." तो रागाने बोलत नव्हता, हेच जास्त लागत होतं. "खुर्ची वाईट हाय ते मला काल तुमच्या तोंडावरनंच कळलं. पन कुठं वाईट हाय? रात्रभर तिच्यापुढं बसलो. चार पाय मोजून कापले, तरी डुगडुगते. का डुगडुगते? जीपवर जायच्या आधी तेवढं तरी सांगा."

आपण या मुलाला खिडकीबाहेर टाकलं नाही, एवढंच त्या आजवर समजत होत्या. तो वर्गात बसूनही वर्गाबाहेर होता, हे त्यांना आज कळत होतं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काल मी पाय रोवून बसले होते," त्या म्हणाल्या. "डुगडुग देवव्रतला दिसू नये म्हणून. पाठ रुतते. उजवा सांधा सैल आहे, तू भुसा भरलास. हे मला बसताक्षणी कळलं होतं."

"आनि पाय?"

बाईंनी हातातला तांब्या तुळशीच्या कठड्यावर ठेवला. "ते मला येत नाही, महिपत. मी परीक्षा दिलेली शिवणाची. सुतारकाम पुस्तकात वाचून शिकवलं तुम्हाला. मृणालीची पेटी नीट होती, तिच्यातल्या चुका बारक्या, त्या मला दिसायच्या. तुझी पेटी बघून कुठून सुरुवात करावी ते मलाच कळलं नसणार. म्हणून हसले असेन."

बाईंना एखादी गोष्ट येत नाही, हे महिपतच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"उठ," बाई म्हणाल्या. "ज्याला येतं त्याच्याकडे जाऊ."

मुरुडला खाडीकाठी धर्माबाबा होड्या बांधायचे. बाई एकदा वर्गाची सहल घेऊन तिथे गेल्या होत्या. एका मुलाने नुसता फळीला हात लावला, तर धर्माबाबांनी आधी मुलाला आणि मग मुलाला हात लावू दिला म्हणून बाईंना असं झाडलं होतं की पुन्हा त्या बाजूला सहल गेली नाही. आज मात्र त्यांना तोच माणूस हवा होता. साडेनऊची एसटी मिळाली. कंडक्टर खुर्चीकडे बघून म्हणाला, "हिचं तिकीट कुणी काढायचं?" महिपतला हसू आलं नाही. बाईंनी खुर्ची दोघांच्या मध्ये घेतली आणि रेवदंड्याच्या पुलापासून काशीदच्या चढापर्यंत एका हाताने धरून ठेवली.

धर्माबाबा आता ऐंशीच्या घरात होते, तरी एका होडीच्या पोटात वाकून बसलेले. खुर्ची समोर ठेवताच ते बाहेर आले आणि तिच्याभोवती एक फेरी मारली.

"ही कुनी केली?"

"मी," महिपत म्हणाला.

"कशापायी?"

तिथून जे सुरू झालं ते तासभर थांबलं नाही. झाडाने काय पाप केलं होतं इथपासून ते सांधा आहे की उंदराचं बीळ आहे इथपर्यंत. बाई तर दोनदा मध्ये पडायला उठल्या. पण महिपतचं लक्षच नव्हतं त्यांच्याकडे. शिव्या त्याच्या अंगावरून ओघळून जात होत्या आणि तो फक्त बोटाकडे बघत होता, म्हातारा कुठे बोट ठेवतो तिकडे.

"पाय कसा मोजलास?"

"पयला कापला. त्याच्यावर ठेवून दुसरा. दुसऱ्यावर ठेवून तिसरा."

"आरं गाढवा! पयल्यात सूतभर चूक, दुसऱ्यात त्याच्यावर आनखी सूतभर. चौथ्यापर्यंत ती चूक बाळंत झाली की! बाकीचे तिन्ही पाय पयल्यावरच ठेवून मोजायचे. पयला सोडायचा न्हाय."

महिपतने खुर्चीच्या पायाला हात लावून बघितला. "एवढंच?"

"एवढंच म्हनं! उभं आयुष्य हाय त्याच्यात."

मग महिपतने विचारलं, पाठीची फळी किती तिरपी घ्यायची. सांधा सैल झाला तर भुसा नाही मग काय. फणसाच्या रेषा कुठल्या अंगाने ठेवायच्या. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. बाई उपड्या पाटीवर बसून ऐकत होत्या. वर्गात या मुलाने तोंड उघडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. विचारायला काही जागाच नव्हती त्याला, बाईंनी ती हसून बंद करून टाकली होती.

धर्माबाबांनी विडी पेटवली. "हात वाईट न्हाय तुझा. पन इतकं साधं आजवर कुनी सांगितलं न्हाय तुला?"

"कोन सांगनार, बाबा," महिपत म्हणाला. "कुनी भेटलंच न्हाय."

तो बाईंकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता. आपली लाज कुणी झाकतंय हे माणसाला कसं लगेच कळतं! बाईंना वाटलं, गप्प बसावं. खाडीकडे बघावं, विषय बदलावा. एकतीस वर्षं त्यांनी मुलांना हेच दिलं होतं आणि आज एक मुलगा तेच त्यांना परत देत होता. ते घेऊन बसायला त्यांना जमेना. त्या उठल्या.

"मी होते," त्या म्हणाल्या. "मी शिकवायला होते याला. सव्वीस वर्षांपूर्वी याची पेटी बिघडली, मी सांगितलं नाही. काल खुर्ची बिघडली, तरी सांगितलं नाही. मला येत नव्हतं ते कबूल करायचं नव्हतं आणि याला दुखवायचं नव्हतं. दोन्हीत माझीच सोय होती."

धर्माबाबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांना ती जुनी सहल आठवली की नाही, देव जाणे. "मंग आता सांगा की," एवढंच ते म्हणाले. "तोंड हाय ना?" मग महिपतकडे वळले. "पंधरा दिस हितं ये. मग खुर्ची कर."

"पंधरा दिसांनी कोन घेनार, बाबा? गिऱ्हाईक बुधवारी माणगावला चाललंय. मला उद्या जीपवर जायला पायजे."

बाईंनी पर्समधून फोन काढला आणि तिथेच, दोघांच्या देखत देवव्रतला लावला.

"देवव्रत, कालची खुर्ची वाईट आहे."

बाईंच्या तोंडून हा शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. "ते काल कळलं मला, बाई. तुम्ही बोललात तेव्हाच."

"तुला कळलं, मला कळलं. त्याला मात्र कुणी काही सांगितलं नाही. आता तो शिकतोय. पंधरा दिवस थांबशील? नवीन खुर्ची आणेल तेव्हा तीही वाईट असली तर त्याच्या तोंडावर वाईट म्हण. कुठं वाईट ते सांग. मी शेजारी बसते, आणि हसणार नाही."

"आणि मी तरी काल हसायला नको होतं," देवव्रत म्हणाला. "थांबतो, बाई. माणगावला नाही जात."

बाईंनी फोन बंद केला आणि महिपतला सांगायला वळल्या. महिपतने खुर्ची उलटी केली होती, पहिला पाय ठोकून मोकळा केला होता आणि तो इतर तिन्हींवर ठेवून पेन्सिलीने खुणा करत होता. धर्माबाबा त्याच्यावर वाकून ओरडत होते. बाईंकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती.