तीन हॉर्न

चारशे टन माल वाहणारा ट्रक नोल्फा ही कालामा गावाजवळच्या तांब्याच्या खाणीत सहा वर्षं चालवत होती, आणि छोट्या गाडीच्या परीक्षेत सपशेल नापास झाली होती. खाणीत ट्रक डावीकडून जातात, गावात गाड्या उजवीकडून. पहिल्याच वळणावर बाईसाहेब डावीकडे शिरल्या, समोरून पाववाल्याची गाडी आली, आणि परीक्षक उरीबेसाहेबांनी डोळे गच्च मिटून घेतले. खेळ खलास!

आज दुसरी खेप. कचेरीसमोरच्या बाकावर तिचे वडील एवारिस्तो टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना तोकोपिल्याला बहिणीकडे, समुद्रावर जायचं होतं. बसमध्ये म्हाताऱ्याचा जीव घाबरायचा.

"पास झालीस तर बसेन तुझ्या गाडीत," त्यांनी बजावलं होतं, "नापास झालीस तर पुन्हा विषय काढायचा नाही."

बाईनं खाणीत पाऊल टाकलं की तांबं खोल पळतं, असं मानणाऱ्या पिढीतला हा माणूस. उभी हयात त्याच खाणीत गेली. पण लेक तिथं लागल्यापासून त्यांनी तिच्या कामाबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. शेजाऱ्यांना सांगायचे, ती ऑफिसात असते. नोल्फाला हे फार लागायचं. गाडीत तरी त्यांनी शेजारी बसावं, एवढीच तिची इच्छा होती.

या वेळी सगळं सुरळीत चाललं. उजवी बाजू सुटली नाही, वळणं झकास झाली. शेवटी कचेरीसमोर आल्यावर उरीबेसाहेब म्हणाले, "आता मागे घ्या आणि त्या दोन गाड्यांच्या मध्ये लावा. झालं."

नोल्फानं मागचा गिअर टाकला आणि सवयीनं तीन हॉर्न दिले. खाणीत तसाच नियम: एक हॉर्न इंजिन सुरू करताना, दोन पुढे जाताना, तीन मागे येताना.

"अहो बाई, ही काय वरात आहे?" साहेब दचकले.

पण गाव खाणीचं. तीन हॉर्न ऐकताच रस्त्यावरची माणसं आपसूक बाजूला झाली. एम्पानाडा नावाच्या खाऱ्या करंज्या विकणाऱ्या बाईनं टोपलीसकट फुटपाथ गाठला. आणि बाकावरचे एवारिस्तो ताडकन उठले, गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हातानं खुणा करू लागले. ये, ये, थोडं डावीकडे, ये.

आरशात वडील दिसले तशी नोल्फा त्यांच्या खुणांप्रमाणे गाडी मागे घेऊ लागली. एवढ्यात त्यांनी दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले. नोल्फानं करकचून ब्रेक दाबला.

"का थांबलात?" साहेबांनी विचारलं.

"त्यांनी थांब म्हटलं. थांबायचं आधी, विचारायचं मागनं."

साहेब खाली उतरले. मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर एक गलेलठ्ठ कुत्रा उन्हात घोरत पडला होता. त्याला तीन हॉर्नांचं काही सोयरसुतक नव्हतं.

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "गावात उगाच हॉर्न वाजवला, ती चूक धरतो. बाहेरच्याची मदत घेतली, तीही धरायला हवी. पण कुत्र्याबद्दल नियमात काही नाही. आणि थांबायचं कळतं त्याला बाकीचं येतं. कुत्र्याला उठवा, गाडी लावा, पास!"

कुत्रा तीन जणांनी ढकलला तेव्हा कुठं हलला. गाडी जागेवर लागली. तोवर रस्त्यावर चांगलीच गर्दी जमली होती.

"कोण हो ही पोरगी?" एम्पानाडावालीनं विचारलं.

"माझी लेक," एवारिस्तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "खाणीत सगळ्यात मोठा ट्रक चालवते. चारशे टनांचा! ही गाडी म्हणजे तिच्या पायातली चप्पल."

नोल्फाला रडू कोसळलं. भर रस्त्यात, स्टिअरिंगवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली, आणि इतकं बरं वाटलं तिला!

एवारिस्तोंनी पुढचं दार उघडलं, तिच्या शेजारी बसले आणि पट्टा लावला.

"डोळे पूस गं," ते म्हणाले. "रस्ता दिसायला नको?"