रातपाळीची साखर

मी काचेची नळी बोलतेय. बोटभर जाड, वीतभर लांब. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण माझ्यात लघवी उकळतात. घरच्या घरी साखरेची परीक्षा. चमचाभर निळं औषध, लघवीचे आठ थेंब, आणि मला दिव्यावर धरायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं-पिवळं झालं तर आहे. विटकरी झालं तर भरपूर. खोटं मला बोलताच येत नाही. पण मला विचारायचं कधी, एवढंही माणसाला कळू नये?

भट्टीत जन्मले, चिंचवडच्या औषधाच्या दुकानात कापसात पडून राहिले. १९६५ साली कोंडीरामनं मला घरी नेलं. पिंपरीच्या कारखान्यात तो लेथ यंत्रावर लोखंड कातायचा. वय अडतीस. साखर नुकतीच निघालेली. कामगार कॉलनीजवळच्या डॉक्टर अरुंधतीबाईंनी बजावलं होतं, "रोज गोळी. जेवण वेळेवर. गोड बंद."

कोंडीराम माणूस वाईट नव्हता, स्वतःला शहाणा समजायचा. दर सकाळी परीक्षा करायचा. दिवसपाळीच्या आठवड्यात उपाशीपोटी, तेव्हा मी बहुतेक निळीच. रातपाळीच्या आठवड्यात मात्र कॅन्टीनमध्ये जेवून, वर गोड चहा ढोसून सकाळी घरी यायचा, तेव्हा मी विटकरी. त्यानं गणित मांडलं: साखर रातपाळीची आहे! मग गोळीही रातपाळीच्या आठवड्यातच घ्यायला लागला. कारखान्यात पाळ्या तीन, म्हणून बाकी दोन आठवडे गोळीला सुट्टी. असं तीन वर्षं. मी रोज बघत होते. काचेला हात असते तर कानाखाली दिली असती.

मग लेथवर त्याची मापं चुकायला लागली. बारीक आकडे धूसर दिसायचे. बायकोपासून ते लपलं नाही. जाईबाई चिखलीची, चौथी शिकलेली, जिभेला धार. एका दुपारी तो पहिली पाळी संपवून, डबा खाऊन घरी आला. तिनं मला त्याच्यापुढं धरलं.

"आत्ता करा परीक्षा."

"अगं, ह्या हप्त्यात फर्स्ट शिफ्ट हाय. साखर नसती."

"का? कंपनीनं साखरेला शिफ्टचं कार्ड दिलंय व्हय?"

आठ थेंब पडले. दिव्यावर धरल्या धरल्या मी विटेसारखी लाल झाले. संध्याकाळी जाईबाई त्याला, आणि मलाही, डॉक्टरबाईंकडं घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "गोळी रोज पोटात गेली असती, तर कदाचित इतक्या लवकर ही वेळ आली नसती. आता काही महिने इन्सुलिनची सुई घ्या. शरीराला जरा दम खाऊ दे. नंतर गोळीवर येता येतं का बघू. वचन देत नाही."

"सुई न्हाई," कोंडीराम उठलाच. "आमच्या थोरल्या भावाला सुई लागली आन् महिन्यात गेला."

"भाऊजी पार टेकले तवा कुठं सुई टोचली," जाईबाई म्हणाली. "सुईनं न्हाई गेले, उशिरानं गेले. आन् तुमचे डोळे गेल्यावर लेथ मी चालवू का? चालवीन! मग भाकरी तुमी थापायच्या."

डॉक्टरबाई हसल्या. कोंडीराम हसला नाही, पण परत खुर्चीत बसला.

सात महिने सुई घेतली. रोज जाईबाई टोचायची, आणि जेवणानंतर दोन तासांनी मला विचारायची. मी हळूहळू विटकरीची पिवळी झाले, पिवळीची हिरवी. ज्या दिवशी जेवणानंतरही निळी राहिले, त्या दिवशी तिनं मला पदरानं पुसलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. पुढं डॉक्टरबाईंनी सुई सोडवली. मग गोळी रोज. पाळी कुठलीही असो, सणवार असो. अकरा वर्षं निघाली त्याच्यावर.

गेल्या वर्षी, १९८० साली, सुई परत लागली. पण थोडी. आता कोंडीराम स्वतःच टोचून घेतो, कुरकुर नाही. डोळे शाबूत आहेत. लेथवर अजून बारीक आकडा वाचतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अकरा वर्षं मिळाली, ही काय थोडी झाली?" थोडी नाहीत, बाई. तुमचे उपकार आहेत.

आता शेजारच्या गिरजाबाईला साखर निघाली आहे. चाळिशीची आहे, बिचारी घाबरली आहे. जाईबाईनं मला फडक्यात गुंडाळून तिच्या हाती दिलं. कोंडीरामचं घर सुटलं. पण मी चांगल्या कामाला निघालेय.

गिरजाबाई, ऐक. मला जेवल्यावर विचार. गोळी घेऊन उपाशी राहू नकोस, साखर फार उतरून भोवळ येते. डॉक्टरबाईंनी सुई सांगितली तर घे, लाजून मान खाली घालू नकोस. आणि मी निळी दिसले, तर गोळीचे आभार मान, तिला सुट्टी देऊ नकोस.