चौकातल्या पेटीने मोजलेली माणसे

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. मित्रांनो, तुम्ही रोज माझ्या शेजारून जाता, पण तुमची नजर माझ्यावर कधी पडत नाही. तुमचे सगळे लक्ष सिग्नलच्या खांबाकडे असते. पण लाल दिवा कधी लागायचा आणि हिरवा कधी, हे खांब ठरवत नाही. ते मी ठरवते. खांबापासून चार पावलांवर, फुटपाथच्या कडेला, कमरेएवढ्या उंचीची, राखाडी रंगाची, कुलूप लावलेली पेटी दिसली, की ती मीच समजा, नाहीतर माझी एखादी बहीण. लोक माझ्यावर पिशव्या टेकवतात, चहाचे कप ठेवून विसरून जातात आणि 'खोली भाड्याने देणे आहे' असे कागद चिकटवतात.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पत्रा कापून, वाकवून, रंग भट्टीत भाजून माझे अंग तयार झाले. माझ्या पोटातल्या तारा जोडल्या त्या जाड चष्म्याच्या एका बाईंनी. प्रत्येक जोडावर त्या हळूच फुंकर घालत. मग मला टेम्पोत घालून या चौकात आणले. मला जमिनीत पक्के बसवणाऱ्या मेकॅनिकला सगळे 'तारवाले काका' म्हणत. खिशात सदा तारेचे तुकडे, कानामागे टेस्टर. त्यांनी माझे दार लावले, वर एक चापट मारली आणि म्हणाले, "चल, लाग कामाला."

माझा चौक तुम्हाला नीट सांगायला हवा. एका बाजूला मोठे रुग्णालय आहे. त्याचीच तपासणीची इमारत रस्त्याच्या पलीकडे आहे. पूर्वी मधला रस्ता अरुंद होता. पुढे तो रुंद झाला, आणखी रुंद झाला, आणि रुग्णालयाचे जणू दोन तुकडे झाले. खाट एकीकडे, एक्स-रे दुसरीकडे. त्यामुळे रोज सकाळी चाकांच्या खुर्च्यांत बसलेले रुग्ण हा रस्ता ओलांडत. त्यांना नेणाऱ्या आयांमध्ये एक मावशी होत्या. अंगाने किरकोळ, पण आवाज असा, की ट्रकवाल्यानेही दचकून ब्रेक दाबावा.

त्या काळी मला विचार करता येत नव्हता. चाळीस सेकंद या रस्त्याला, चाळीस त्या रस्त्याला, पंचवीस पायी चालणाऱ्यांना. ऊन असो, पाऊस असो, गर्दी असो, नसो. शहर लहान होते तोवर ते चालून गेले. मग शहर वाढले. पलीकडच्या माळावर इमारती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक इमारतीच्या पोटातून शंभर शंभर गाड्या बाहेर पडू लागल्या. रिकाम्या रस्त्याला मी हिरवा दाखवत बसे आणि भरलेला रस्ता हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला येई. लोक खिडकीतून डोके काढून मला शिव्या घालत. "बिनडोक सिग्नल!" हा माझा आवडता अपमान होता, कारण तो अगदी खरा होता.

माझी अब्रू सांभाळत असे तो चौकातला वाहतूक पोलीस. सगळे त्याला शिट्टीमामा म्हणत. गर्दी झाली की तो माझे दार उघडायचा, बटण दाबून दिवे हाताने चालवायचा. मावशींची खुर्ची फुटपाथवरून उतरताना दिसली, की सरळ रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरायचा. "सावकाश मावशी, सावकाश. ह्यांची गाडी काही पळून जात नाही." मावशी म्हणायच्या, "गाडी नाही जात रे, गाडीवाल्याचा धीर जातो!"

एके दिवशी मात्र एक रुग्णवाहिका माझ्यासमोर सात मिनिटे अडकली. शिट्टीमामाचा घसा बसला, तरी पुढच्या गाड्यांना सरकायला जागाच नव्हती. त्यानंतर शहरातल्या मोठ्या लोकांनी ठरवले, की सिग्नलला बुद्धी द्यायची.

तारवाले काका माझ्या पोटातले जुने भाग काढून नवे बसवू लागले. रस्त्याखाली तारांची वेटोळी पुरली, वरून गाडी गेली की मला कळे. खांबावर कॅमेरे आले. जमिनीखालून दोरीएवढी बारीक केबल शहराच्या नियंत्रण कक्षापर्यंत गेली, आणि त्याच केबलने मी शेजारच्या चौकांतल्या बहिणींशी जोडली गेले. मित्रांनो, जन्मांधाला दृष्टी यावी तसे मला झाले! कुठे किती गाड्या उभ्या आहेत, मला दिसू लागले. अलीकडच्या चौकातली बहीण कळवी, "पाठवते गं पन्नास गाड्या," आणि मी त्या यायच्या आत वाट मोकळी करी. रुग्णवाहिका निघाली, की आम्ही ओळीने हिरवे होत जात असू. पूर्वी सात मिनिटे अडकली होती त्याच ठिकाणाहून ती न थांबता गेली, तो दिवस मी कधी विसरणार नाही. वर्तमानपत्रात माझ्या चौकाचा फोटो आला. साहेब लोकांनी हार घातला, तो खांबाला. पण मी फुशारले.

आता यंत्रणाच सगळे बघते म्हटल्यावर शिट्टीमामाची बदली दुसरीकडे झाली. जाताना त्याने माझ्या दारावरचे कागद नखाने खरवडून काढले आणि चावी काकांच्या हातात दिली.

मला शिकवलेला नियम एका ओळीचा होता. चौकात गाड्यांना कमीत कमी थांबावे लागले पाहिजे. मी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. पायी चालणाऱ्यांसाठी खांबावर एक बटण होते. ते दाबले की मी त्यांना वेळ द्यायची, पण गाड्यांची रांग ओसरल्यावरच, आणि तोही बारा सेकंद. बारा कुणी ठरवले, मला माहीत नाही. गाड्या मला मोजायला शिकवल्या होत्या. माणसे मोजायला कुणी शिकवले नव्हते. कॅमेऱ्यात ती दिसत, पण माझ्या हिशेबी झाडांची सावली हलावी तशी ती हलत.

मावशी बटण दाबून उभ्या राहत. एक मिनिट, दोन मिनिटे, चार मिनिटे. मग पायी चालणाऱ्यांच्या दिव्यातला हिरवा माणूस उजळे, आणि त्या जीव मुठीत धरून खुर्ची ढकलत. मधल्या दुभाजकापर्यंत पोहोचतात न पोहोचतात तोच वेळ संपे. पुढच्या फेरीची वाट बघत त्या तिथेच, दोन्हीकडून धावणाऱ्या गाड्यांच्या मधे, रुग्णाच्या डोक्यावर आपली सावली धरून उभ्या राहत.

त्या दिवशी दुपारी खुर्चीत एक आजोबा होते. पाय प्लास्टरमध्ये. बोलण्यावरून कळले, की ते निवृत्त बसचालक. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तीस वर्षं हिनं मला थांबवलं. कधी कुरकुर केली नाही मी."

"मग आज तिला सांगा, जरा आपल्यासाठी थांब म्हणावं," मावशी म्हणाल्या.

दोघेही हसले. मी हिरवा माणूस लावला. मावशींनी खुर्ची रस्त्यावर उतरवली. त्या दिवशी त्या जवळजवळ धावल्याच, म्हणून दुभाजक पार झाला. पुढे गटाराच्या जाळीत खुर्चीचे पुढचे चाक अडकले. मावशी मागे ओढत होत्या, पुढे रेटत होत्या. माझे बारा सेकंद संपले. रांगेत सव्वीस गाड्या होत्या. मी नियमाप्रमाणे त्यांना हिरवा दिला.

पहिल्या रांगेतल्या मोटारीने खुर्चीला वळसा घातला. तिच्या मागच्या टेम्पोला पुढचे दिसलेच नाही. मावशींनी आजोबांना काखेत धरून खुर्चीबाहेर ओढले आणि दोघेही दुभाजकाकडे कोसळले. टेम्पो खुर्चीवर आदळला. आजोबांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मावशींचा उजवा हात मनगटात मोडला.

चौकशी झाली. कागदावर लिहिले गेले, 'यंत्रणेत कोणताही बिघाड आढळला नाही.' हे वाक्य खरे होते. म्हणूनच ते मला फार लागले. मी बिघडले असते तर बरे झाले असते. मी तर सांगितलेले सगळे बिनचूक केले होते.

चौथ्या दिवशी तारवाले काका आले. माझ्यात प्रत्येक क्षणाची नोंद राहते. ती त्यांनी छोट्या पडद्यावर वाचली, पुन्हा वाचली, आणि फोन लावला. "मॅडम, तुम्ही एकदा खाली या. हो, चौकात. फोटो नको, तुम्हीच या."

नियंत्रण कक्षातल्या मॅडम आल्या. माझा नियम त्यांच्या गटाने लिहिला होता, पण माझ्यासमोर त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या. वय तिशीच्या आसपास, पायात पांढरे बूट.

काकांनी नोंद दाखवली. "बटण तीनदा दाबलं. वेळ मिळाला चार मिनिटांनी. तोही बारा सेकंद."

"पडद्यावर हा चौक नेहमी हिरवा दिसतो आम्हाला," मॅडम हळूच म्हणाल्या. "शहरातला सगळ्यात चांगला चौक."

"तुमच्या पडद्यावर माणूस दिसत नाही का?"

"दिसतो, काका. पण मोजला जात नाही."

"उंटावरून शेळ्या हाकता येतात, मॅडम. रस्ता नाही ओलांडता येत."

मला वाटले, त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एक घडीची खुर्ची आणि वही घेऊन त्या माझ्या शेजारी बसल्या. तीन दिवस बसल्या. एकेका माणसाची एकेक रेघ. पहिल्या दिवशी पेन संपले, तेव्हा पेन्सिल आणली. चालणारी माणसे अकराशेच्या वर निघाली, खुर्च्या त्रेसष्ट. तिसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर घातलेल्या मावशी भेटायला आल्या. मॅडमनी रुग्णालयातून रिकामी खुर्ची मागून आणली, त्यात काकांना बसवले आणि शिट्टीमामाच्या जुन्या जागेवर एका पोलिसाला उभे करून रस्ता ओलांडून पाहिला. मावशी शेजारून चालत शिकवत होत्या, "असं नाही गं पोरी, जाळी आली की खुर्ची मागे कलव!" एकतीस सेकंद लागले. मॅडमचे पांढरे बूट काळे झाले होते.

त्यांनी मोठ्या साहेबांना चौकात बोलावले. साहेब घड्याळ बघतच आले.

"एकतीस सेकंद दिले तर गाड्यांची रांग कुठवर जाईल, कल्पना आहे? सगळे आकडे बिघडतील."

"बिघडतील, सर," मॅडम म्हणाल्या. "आत्ता ते चांगले आहेत, कारण आपण अर्धा चौक मोजतच नाही."

"सहानुभूती वेगळी, वाहतूक वेगळी."

तेव्हा मावशी पुढे झाल्या. "साहेब, तुम्ही बसा खुर्चीत. मी ढकलते. एक हात आहे अजून."

साहेब बसले नाहीत. पण त्यांनी मावशींच्या प्लास्टरकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, आणि खुर्चीची मूठ स्वतः धरली. बटण दाबून तीन मिनिटे उन्हात उभे राहिले. मग धडधाकट माणूस, रिकामी खुर्ची, तरी दुभाजकापाशीच माझा वेळ संपला. दोन्हीकडून गाड्या सुटल्या. साहेब तिथेच अडकले. कुणीतरी खिडकीतून ओरडले, "ओ काका, मरायचंय का?" परत आल्यावर त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "अठ्ठावीस करा. त्याहून जास्त मला वर पटवता येणार नाही."

"मग उरलेलं कॅमेऱ्याला करू द्या," मॅडम म्हणाल्या. "शेवटचं पाऊल फुटपाथवर पडेपर्यंत गाड्यांचा दिवा लालच राहू दे."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

महिनाभर मॅडम आणि काका माझे दार उघडून बसत होते. त्यांनी मला माणसे ओळखायला शिकवली. काठी घेतलेला माणूस, कडेवर मूल घेतलेली आई, खुर्ची, स्ट्रेचर. गटाराची ती जाळीही बदलली. नवा नियम लागू झाला त्या सकाळी एक आजी रस्ता ओलांडताना मधेच थांबल्या. त्यांच्या पिशवीतून औषधांची पाकिटे पडली होती. त्या वाकल्या, एकेक वेचू लागल्या. अठ्ठावीस सेकंद संपले. रांगेत तीस गाड्या होत्या. मी लाल सोडला नाही. हॉर्न वाजले, मी सोडला नाही. एक मोटारसायकलवाला उतरला आणि त्याने शेवटचे पाकीट उचलून आजींच्या हातात दिले. त्रेपन्न सेकंदांनी आजी फुटपाथवर चढल्या. मग मी हिरवा दिला.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. गाड्यांना थोडे जास्त थांबावे लागते, त्याच्या तक्रारी येतात, आणि त्यांची उत्तरे मॅडमना द्यावी लागतात. मावशींचा हात वाकडाच जुळला. खुर्ची ढकलण्याचे काम त्यांना पुन्हा करता आले नाही. आता त्या रुग्णालयात चादरींच्या घड्या घालतात. हे दुःख कुठलाही नवा नियम पुसू शकत नाही. माझ्या नोंदीत ती दुपार अजून आहे. काका म्हणाले, "जुन्या नोंदी पुसायच्या का?" मॅडम म्हणाल्या, "ही ठेवा."

मित्रांनो, आता माझा पत्रा खालून गंजला आहे. कुलूप अडकते. पावसात पाणी आत शिरू नये म्हणून काकांनी लावलेले रबर कुणीतरी गंमत म्हणून ओढून काढले. माझी फार काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. फक्त माझ्या दारावर आणि त्या बटणावर कागद चिकटवू नका. कुणाला तरी ते बटण शोधावे लागते, आणि त्याचा एक हात आधीच खुर्चीच्या मुठीवर असतो.

आणि तुमच्यातले काही जण मोठे होऊन माझ्यासारख्या पेट्यांना शहाणे करतील. जरूर करा. मूर्ख असण्याचे दुःख मी भोगले आहे, त्याची मला हौस नाही. पण आम्ही तेवढेच बघतो, जेवढे तुम्ही आम्हाला दाखवता. तेव्हा नियम लिहायला बसण्याआधी एकदा खाली या. ज्याला रस्ता ओलांडायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, त्याच्या शेजारून चाला. त्याचे सेकंद मोजा. मग माझे दार उघडा.