खालच्या टीव्हीवर रॉबर्ट

पाचूबंदरच्या त्या घरात इंटरनेटची दोन कनेक्शनं होती, आणि तो सगळा रॉबर्टचा शहाणपणा. खाली आईने मालिका लावल्या की वर त्याच्या मीटिंगा अडकायच्या. मग या साहेबांनी वरच्या मजल्यासाठी वेगळं कनेक्शन घेतलं. दीड महिन्यापूर्वी हायवेवर त्याची बाइक घसरली आणि तो गेला. आता कनेक्शनं दोन आणि घरात बायका दोन.

त्याचे सगळे फोटो, व्हिडिओ त्यानेच वर बसवलेल्या सर्व्हरवर साठवलेले होते. म्हणून रोज संध्याकाळची रोजरीची प्रार्थना आटोपली की त्याची आई फ्लोरा दुखऱ्या गुडघ्यांनी सोळा पायऱ्या चढून वर यायची आणि सुनेशेजारी, टिफनीशेजारी, सोफ्यावर बसून तासभर लेकाला बघायची. डोळे पुसायची. टिफनीला मात्र रडू येत नव्हतं. मयताच्या दिवशी आलं नाही, चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेलाही नाही. रोज तो चेहरा बघायचा आणि आत काही हलायचं नाही, याचीच तिला धास्ती बसली होती. हे बसणं एकदाचं थांबायला हवं होतं.

शनिवारी तिने वरच्या राउटरपासून खालच्या राउटरपर्यंत केबल टाकली. तरी खालच्या टीव्हीला सर्व्हर दिसेना. दिसणार कसा? 'मी इथे आहे' अशी हाळी सर्व्हर सारखी देत असतो, पण ती आपल्याच नेटवर्कपुरती; पलीकडच्यांना तो असून नसल्यासारखा. टिफनी ऑफिसात हेच काम करायची. तिने ही हाळी पलीकडे पोचवणारा प्रोग्राम बसवला, दोन्ही राउटरांत वाट मोकळी केली, आणि टीव्हीच्या यादीत सर्व्हरचं नाव आलं. पुतणीच्या बाप्तिस्म्यात नाचणारा रॉबर्ट पडद्यावर आला.

"दिसला गो," फ्लोरा म्हणाली.

"आता वर यायची गरज नाही, आई. गुडघ्यांना आराम."

फ्लोराने एकदा वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं.

रविवारी पायऱ्यांवर पाऊल वाजलं नाही. टिफनीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. तिने एकटीने भात आणि बोंबलाचं कालवण खाल्लं, ताट धुऊन ठेवलं. चव काय होती, ते तिला सांगता आलं नसतं. सोमवारीही तेच.

मंगळवारी पायऱ्या वाजल्या. एकेक, मध्ये थांबत. फ्लोरा दारात उभी राहिली, टीव्हीचा रिमोट हातात तसाच.

"तुझा तो सर्व्हर खाली दिसत नाय," ती धापा टाकत म्हणाली. "कायतरी बिघडलाय."

खाली टीव्ही चालूच होता. रॉबर्टचं हसणं उघड्या दारातून वर येत होतं, दोघींनाही स्पष्ट ऐकू येईल एवढं. टिफनीने सासूकडे पाहिलं. सासूने रिमोट पदराआड घेतला.

"बरं. उद्या बघते," टिफनी म्हणाली आणि सोफ्यावर सरकून तिने जागा केली.

"आधी पानी दे जरा."

टिफनी स्वयंपाकघरात गेली. ग्लास भरता भरता तिला रडू फुटलं, इतकं की ग्लास भरून वाहायला लागला तरी नळ बंद करायचं सुचेना. बाहेर फ्लोरा नुकतीच टेकली होती. गुडघे धरत ती पुन्हा उठली आणि आत गेली.