वाऱ्याकडे पाठ

माझा डावा गाल गेल्या वर्षापासून माझा राहिलेला नाही. कानाखालची गाठ काढताना नस गेली. जीव वाचला, त्याबद्दल डॉक्टरांचे आभारच मानतो. पण गाल बधिर झाला आणि मान वर करून मागे बघता येईना. दाढी करताना कापलं तर रक्त आरशात दिसल्यावरच कळतं. एवढं मी चालवून घेतलं असतं. पण शिडाची होडी हाकणाऱ्याला मागचा वारा कळतो तो गालाला आणि कानाला, आणि माझं तोंड आता निम्मंच कामाचं होतं.

नेव्हीत बावीस वर्षं काढून ओतूरला परत आलो, तेव्हा पारावर पेपर वाचत बसायचं माझ्या स्वभावात नव्हतं. सोळा फुटी जुनी होडी आणली आणि पिंपळगाव जोग्याच्या धरणात सोडली. गाव पोट धरून हसलं. माझी बायको रत्ना हसली नाही. ती डबा घेऊन होडीत येऊन बसली. दहा वर्षं दर रविवारी बसत होती. या फेब्रुवारीत परत येताना मागचा वारा उजवीकडून डावीकडे सरकला, मला पत्ताच लागला नाही. शिडाखालचा आडवा दांडा गर्रकन फिरला आणि तिच्या खांद्यावर बसला.

हाड वाचलं. पण त्यानंतर ती होडीत पाय ठेवीना.

"वारा कुठनं येतुया ते तुमाला कळत न्हाई तवर मी यायची न्हाई," ती म्हणाली. "आन तुमी एकटं गेलेलं मला चालायचं न्हाई. दिवाळीपातुर काय ते बघा, न्हाईतर इकून टाका." गिऱ्हाईकही तिनेच शोधलं होतं, धरणाकाठी तंबू लावून पर्यटक ठेवणारा एक जण. खरं सांगतो, होडी जाण्याचं दुःख होतंच, पण तिच्या बसायच्या रिकाम्या फळीकडे मला बघवत नव्हतं.

म्हणून मी वारा दाखवणाऱ्या यंत्राच्या मागे लागलो. बरोबर ज्योतिबा होता. तो स्टँडजवळ पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. घराणं मेंढपाळांचं, थोरला भाऊ गोरक्ष अजून मेंढरं राखतो. ज्योतिबाने आधी सुचवलं की दोराला लोकरीचा पुंजका बांधू. नेव्हीतही आम्ही तेच बांधायचो, पण तो बघायला मान वळवावी लागते. डोलकाठीच्या टोकावरचा साधा पंखा याच कारणाने बाद. हातात धरायचं यंत्र बाद, कारण माझा एक हात सुकाणूवर, दुसरा शिडाच्या दोरावर. वायरचं यंत्र म्हणजे डोलकाठीतून वायर ओवायची आणि होडीत बॅटरी ठेवायची. शेवटी बिनवायरचं ठरलं: वर फिरत्या वाट्या आणि शेपटीवाला बाण, उन्हावर चालणारा, आणि खाली सुकाणूजवळ तळहाताएवढा पडदा.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही डोलकाठी उतरवून दोन पिंपांवर आडवी टाकली. मी चष्मा कपाळावर चढवून पडद्याशी झटापट करत होतो. माहितीपुस्तक मांडीवर होतं, मिटलेलं.

"दादा, ह्याचं त्वांड कुठं करू?" ज्योतिबाने विचारलं.

"तू वाऱ्यात कसा उभा राहतोस? तसं बसव," चहा घेऊन आलेल्या रत्नासमोरच मी खेकसलो.

त्याने बसवलं, स्क्रू पिळले, डोलकाठी उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्ना काठावर येऊन उभी राहिली, एक हात मार बसलेल्या खांद्यावर. होडी वाऱ्याकडे तोंड करून बांधली होती. समोरून लाटा येत होत्या, चांगल्या गालाला गार लागत होतं. पडद्यावरचा बाण मात्र सांगत होता की वारा मागून येतोय. मी पडदा बंद करून चालू केला. बाण तिथेच.

"झालं?" रत्नाने विचारलं आणि तंबूवाल्याला लावायला पिशवीतून मोबाइल काढला.

माझं डोकं सटकलं. "मोटारी गुंडाळणाऱ्याला हे काम दिलं हीच माझी चूक," मी ज्योतिबाला म्हणालो. स्क्रूड्रायव्हर पँटला पुसून त्याने खिशात घातला.

रत्ना फोन लावता लावता थांबली. "अवो, ती मेंढरं बघा."

चढावर गोरक्षची मेंढरं होती. एकूण एक मेंढरू वाऱ्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभं. त्यांच्यामागे गोरक्षही घोंगडी घेऊन, तसाच पाठमोरा.

"ज्योतिबा, वाऱ्यात तू कसा उभा ऱ्हातोस?" रत्नाने विचारलं.

"पाठ करून, वैनी. त्वांडावर कोन घेतंय?"

आम्ही खलाशी वाऱ्याकडे तोंड करतो, मी तेच धरून चाललो होतो. मी पुस्तक उघडलं. पहिल्याच चित्रात यंत्राचा पुढे आलेला हात, म्हणजेच त्याचं तोंड, होडीच्या तोंडाकडे होता. आमचा बरोबर उलटा. आणि पुढे लिहिलं होतं की दिशा चुकली असेल तर तेवढे अंश पडद्यावर भरा. मी एकशे ऐंशी भरले. बाण गपकन समोर आला.

"ज्योतिबा, चूक माझी," मी म्हणालो. "पुस्तक मी उघडलं नाही आणि वर तुलाच बोललो. तू नसतास तर मी हे वर चढवूच शकलो नसतो. लई उपकार झाले, बाबा."

"ऱ्हाऊ द्या, दादा. मी बी परत इचारायला पायजे व्हतं. उतरवून सरळ करू का?"

"नको. असू दे तसंच."

रत्नाने चपला काढल्या, साडी खोचली आणि पाण्यात उतरली. होडीत आली ती माझ्या डाव्या हाताला बसली, आजवर कधी बसली नव्हती तिथे. ज्योतिबाने होडी ढकलली.

परत फिरलो तेव्हा वारा मागे होता. पडद्यावरचा बाण उजवीकडून हळूहळू डावीकडे सरकला. गालाला काहीच कळलं नाही. "डोकं खाली," मी म्हणालो, दोर ओढून घेतला आणि दांडा सावकाश पलीकडे नेला. तिने मान खाली घातली, वर केली आणि डबा उघडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डाव्या गालावरचं तिने पदराने पुसलं, मला ते कळणार नव्हतं म्हणून.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तंबूवाला होता, होडी बघायला कधी येऊ, विचारत होता.

"न्हाई द्यायची," रत्ना म्हणाली. "आमी बसलोय तिच्यात."