जागल्या

वहिनींनी खुर्ची पोर्चमध्ये आणवली आणि गाडीच्या नाकासमोर मांडून घेतली. निवाडा बसूनच करायचा असतो, उभ्याने केली जातात ती भांडणे, असे त्यांचे मत होते. समोर बॉनेट उघडून वाकला होता त्यांचा धाकटा दीर. गेली तीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा, आणि गेले पंधरा दिवस या घराची पायरी न चढलेला.

पंधरा दिवसांपूर्वी याच गाडीत वहिनींचे यजमान गेले होते. संध्याकाळी त्यांना धाप लागली, ओठ निळे पडू लागले, तेव्हा लेकीने तत्काळ गाडी काढली. वहिनी मागे त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसल्या. रुग्णालय वीस मिनिटांच्या अंतरावर. उड्डाणपुलाच्या चढावर आधी दिवे पिवळे पडले, मग हॉर्नचा आवाज घशात अडकल्यासारखा झाला आणि मग इंजिनाने मान टाकली. किल्ली फिरवली की नुसते टकटक. मागच्या गाड्या शिव्या घालत बाजूने जात राहिल्या. रुग्णवाहिका आली ती चाळीस मिनिटांनी. डॉक्टर एवढेच म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं, तर कदाचित..." त्या 'कदाचित'ने वहिनींची झोप नेली ती नेलीच.

गाडीचा, बॅटरी भरणारा डायनामो दोनच महिन्यांपूर्वी दिराने उघडून दुरुस्त केला होता. कार्बन बदलले, रेग्युलेटर नवा बसवला. वहिनींना आणखी पुराव्याची गरज वाटली नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकच वाक्य ऐकवले, "भावाच्या हातची गाडी भावालाच खाऊन गेली." वाक्य ठसठशीत होते. ते सगळ्या गोतावळ्यात फिरले, दिराच्या दुकानाच्या गल्लीतही पोचले. गिऱ्हाइके दबकत दबकत दुसरीकडे जाऊ लागली.

शेवटी दिराने लेकीकरवी निरोप धाडला, की मला एकदा गाडी बघू द्या. वहिनींनी परवानगी दिली, पण अट घालून.

"भाऊजी, जे काय शोधायचं ते माझ्या डोळ्यांदेखत. आणि दोष तुमच्या कामात निघाला, तर मामंजींनी काढलेल्या दुकानाची किल्ली या खुर्चीच्या हातावर ठेवून जायचं."

"आणि नाही निघाला, तर?" लेकीने विचारले.

"नाही निघाला तर पाहू." अटीला दुसरी बाजू असण्याची वहिनींना सवय नव्हती.

दिराने मीटरच्या दोन्ही तारा बॅटरीला लावल्या. "पोरीकरवी मागवून काल चार्जरवर भरून ठेवली होती. बॅटरी धड आहे, वहिनी. चार्ज घेते, धरून ठेवते."

"मग गाडी काय माझ्या नशिबाने बंद पडली?"

"बॅटरी म्हणजे हंडा. हंडा फुटका नाही एवढंच कळलं. आता नळाला पाणी आहे का ते बघू." त्याने लेकीला गाडी सुरू करायला सांगितले. ती आत बसली, पण किल्लीवर हात ठेवून तशीच राहिली. त्या दिवसानंतर ती स्टीअरिंगला शिवली नव्हती.

"फिरव गं. चावत नाही ती," काका हळूच म्हणाला.

इंजिन लागले. दिराने मीटरकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. आकडा चौदाच्या पुढे जायला हवा होता. तो बारावर होता आणि थेंबाथेंबाने खाली येत होता.

"डायनामो काही देत नाहीये," तो म्हणाला.

"हेच मी पंधरा दिवस सांगतेय," वहिनी म्हणाल्या. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

इंजिन बंद करून दिराने डायनामो फिरवणारा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. ताण बरोबर होता. बॅटरीच्या टोकांवरच्या पकडी सोडवल्या, घासल्या, पुन्हा आवळल्या. अर्थिंगची तार जिथे गाडीच्या अंगाला जोडलेली असते तिथला बोल्ट पाहिला. डायनामोच्या जाड तारेवर मीटर ठेवला. तिथे बॅटरीचा पूर्ण दाब येत होता, म्हणजे मोठा फ्यूजही शाबूत. एकेक वस्तू निर्दोष सुटत होती, आणि जितक्या वस्तू सुटत होत्या तितका फास त्याच्या स्वतःच्या गळ्याभोवती आवळत होता. उरला होता फक्त त्याच्या हाताने जोडलेला डायनामो. कपाळावरचा घाम पुसताना हातातला पाना दोनदा निसटला. वहिनींनी ते पाहिले आणि त्यांना बरे वाटले. बरे वाटले याची लाजही वाटली नाही.

"आता ही बारकी तार तेवढी राहिली," तो पुटपुटला. "किल्ली दे गं. इंजिन नको, नुसती किल्ली."

डायनामोच्या पाठीवरच्या बारीक तारेला त्याने मीटर लावला. शून्य. त्याने पुन्हा लावला. शून्य. तो ताठ उभा राहिला, गाडीच्या दाराशी गेला आणि लेकीच्या खांद्यावरून स्टीअरिंगमागच्या काट्यांच्या फलकाकडे पाहू लागला.

"लाल दिवा कुठाय?"

त्याने हात आत घालून फलकावर टिचकी मारली.

"किल्ली दिली की बॅटरीचा लाल दिवा लागतो. लागायलाच पाहिजे. जागल्या कुठे गेला?"

दुकानात त्या दिव्याला जागल्याच म्हणत. सासऱ्यांनी पाडलेले नाव. नवी नवरी असताना वहिनींनी त्याचा अर्थ विचारला होता, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "अगं, गावाला जागल्या असतो ना, तसा." वहिनींना वाटले, कळले. जागल्या म्हणजे रात्री गस्त घालणारा, चोर आला की ओरडणारा. ओरडण्यापलीकडे त्याचे काम नाही. त्या अर्थाला चाळीस वर्षांत त्यांनी पुन्हा हात लावला नव्हता.

दिराने दोन स्क्रू काढून फलक पुढे ओढला. मागे दिव्यांच्या खोबण्यांची ओळ होती. त्यांतली एक मोकळी.

"बल्ब उडाला असता तर जागेवर असता. हा काढलाय कुणीतरी." तो वहिनींकडे वळला. "वहिनी, हा दिवा नुसता बोंबलत नाही हो. ह्याच्यातून जो चिमूटभर करंट जातो ना, त्यानेच डायनामो जागा होतो. हा नसेल तर डायनामो नुसता फिरतो, झोपेत फिरल्यासारखा. बाबांनी जागल्या नाव काय उगाच ठेवलं? सगळ्यांना जागं करतो तो जागल्या! गाडी तेव्हापासून बॅटरीतलं साठलेलं खात होती. संपलं तशी मेली. कुणी काढला हा?"

वहिनींच्या डोळ्यांपुढे यजमान जाण्याच्या तीन दिवस आधीचा तो सोमवार उभा राहिला. यजमानांना त्या दिव्याची धास्ती बसली होती. किल्ली फिरली की क्षणभर तो लाल डोळा उघडे, आणि ते वहिनींचे मनगट घट्ट धरत. "बघ, गाडीचीही बॅटरी उतरली, माझ्यासारखीच." आधी ती थट्टा होती. मग थट्टा गेली आणि धास्ती तेवढी उरली. तपासणीला निघायचे म्हटले की ते उंबऱ्यातच थरथरू लागत. वहिनींना भ्यालेला माणूस बघवत नसे. दुकानदाराच्या घरात चाळीस वर्षे काढलेल्या बाईला दोन स्क्रू काय जड? लेकीने विजेरी धरली, त्यांनी फलक ओढला, खोबण पिरगाळली, बल्ब बाहेर. "संपली चहाडी," त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवशी यजमान शांतपणे गाडीत बसले. पुढे तीन दिवस त्या स्वतःवर खूष होत्या.

"कुणी काढला?" दिराने पुन्हा विचारले.

"मी काढला, काका." लेक गाडीतूनच म्हणाली. तिने कुणाकडेही पाहिले नाही. "बाबा घाबरायचे म्हणून. मला माहीत नव्हतं."

दिराने डोळे मिटले. वहिनींनी काही क्षण तसेच जाऊ दिले. लेकीच्या खोट्याच्या सावलीत उभे राहून पाहिले, आणि तिथे किती गार वाटते हे त्यांना कळले. लेक तरुण होती. तिला सगळे माफ करतील, रडून मोकळी होईल. त्यांच्या वयाला माफी मागायची कुठे शिकवलेली होती? आणि पुढची चाळीस वर्षे ही मुलगी प्रत्येक गाडीच्या लाल दिव्याकडे कशी पाहील, हेही त्यांना त्याच क्षणी दिसले.

त्या खुर्चीतून उठल्या.

"खोटं बोलू नकोस. या घरातला दिवा लावायचा की काढायचा, ते मी ठरवते. तू नुसती विजेरी धरली होतीस, आणि तीही मी सांगितलं म्हणून." मग दिराकडे वळल्या. "मी काढला, भाऊजी. माझ्या हाताने."

दिराने हातातला स्क्रूड्रायव्हर हळूच सीटवर ठेवला. ओरडला असता तर बरे झाले असते.

"एक फोन करायचा होतात, वहिनी," तो म्हणाला. "जागल्या काढू का म्हणून. एवढंच. दादासाठी मी दुसरी तोड काढली असती. वर काळी पट्टी चिकटवली असती, दिवा आत राहिला असता."

"मला येत होतं."

"हो," तो म्हणाला. "तेच."

त्याने हत्यारांच्या डब्यातून नवा बल्ब काढला, खोबणीत बसवला आणि फलक जागेवर ढकलला. किल्ली दिली; लाल दिवा लागला. इंजिन सुरू झाले, दिवा विझला. मीटरचा आकडा चढत चढत चौदाच्या वर जाऊन स्थिरावला. त्याच्या हाताने जोडलेला डायनामो बिनतक्रार घुमत होता. इतके सोपे होते. लेक स्टीअरिंगवर डोके टेकून हुंदके देऊ लागली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी," वहिनी म्हणाल्या. "दुकान तुमचं आहे. माझ्या वाट्याचंही."

"वाटा नको. गिऱ्हाइकं घाबरलीत, ती परत येतील तेव्हा येतील." त्याने हत्यारे डब्यात रचली आणि हात चिंधीला पुसले. "मी पंधरा दिवस जेवताना माझेच हात बघत होतो, वहिनी. ह्याच हातांनी, म्हणून."

"चहा तरी घेऊन जा."

"नको," तो म्हणाला. फाटक लावताना त्याने आवाजही होऊ दिला नाही.

वहिनी पुन्हा खुर्चीत बसल्या. लेकीला गाडीतून बाहेर बोलावून तिच्या हातात फोन दिला. "आत्याला लाव. मग मावशीला, मग दुकानाशेजारच्या शिंप्याला. मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याला त्याला. आणि मी बोलत असताना इथून उठू नकोस."

"आई, उद्या कर. आज नको."

"लाव म्हणते ना."

पलीकडे नणंदेचा आवाज आला. वहिनींनी पाठ ताठ केली, घसा साफ केला. "वन्सं, मी बोलतेय. भावाच्या हातची गाडी भावालाच खाऊन गेली, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. भाऊजींचं काम चोख होतं. गाडीतला दिवा मी काढला होता, त्याने गाडी बंद पडली." त्या थांबल्या. "वन्सं? ऐकताय ना?"

"ऐकलं," नणंद म्हणाली, आणि फोन ठेवला.

वहिनींनी फोन लेकीकडे दिला.

"आता मावशी," त्या म्हणाल्या.