सोडलेला चेंडू

शिरीषने चिमट्याने सॉसेज उलटलं, तर खालची बाजू पार कोळसा झालेली. शेजारच्या चार-पाचांचीही तीच गत होती. त्याने ती सगळी जाळीच्या कडेला सारली, वर दोन बरी दिसणारी रचली आणि क्लबच्या लाकडी खोपटापलीकडून येणारा जल्लोष ऐकत, आपल्याला काहीच माहीत नाही असा चेहरा करून उभा राहिला.

पहिला आला तो हरीश. शेवटच्या डावात पाच रनांनी मागे होतो, अर्धे लोक खुर्च्या आवरायला लागले होते आणि तरी जिंकलो, हे त्याने एका दमात सांगून टाकलं. मग त्याची नजर जाळीवर गेली.

"हे काय रे? लक्ष कुठं होतं तुझं?"

"निखारे जास्त झाले," शिरीष म्हणाला.

हरीशला तेवढं उत्तर पुरलं. त्याच्या मागोमाग त्याची बायको ऊर्मिला आणि प्रसन्न आले. न्युरेम्बर्गबाहेर कालव्याच्या कडेला असलेल्या या छोट्या बेसबॉल क्लबला मराठी प्रेक्षक लाभले होते ते शिरीषच्या मुलामुळे. सिद्धांतचा जन्म इथलाच. तो पहिल्या संघात खेळायला लागला तेव्हा शिरीषच्या कंपनीतली ही मंडळी एका रविवारी गंमत म्हणून आली, आणि मग येतच राहिली. क्रिकेटला भुकेलेल्या माणसाला बॅट आणि चेंडू दिसला की तो फार चौकशा करत नाही. वर्षभरात त्यांना नियम कळले, आणि नियम कळल्याबरोबर प्रत्येकाला मतं फुटली.

या मोसमात मात्र सिद्धांतचं काहीतरी बिनसलं होतं. समोरचा पिचर चेंडू जरासा बाहेर टाकायचा आणि हा त्याच्यामागे धावल्यासारखी बॅट फिरवायचा. तीनदा हुकला की बाद. एव्हाना सगळ्या संघांना त्याचं हे दुखणं कळलेलं होतं. पुढच्या रविवारपासून वरच्या गटात जाण्यासाठीचे सामने सुरू व्हायचे होते, आणि त्यासाठीचा संघ कोच आजच्या सामन्यानंतर ठरवणार होता. सकाळी सिद्धांतने हे घरी सांगितलं आणि नाश्ता तसाच ठेवून तो निघाला.

हे दुखणं कुठून आलं, ते शिरीषला चांगलं ठाऊक होतं. सिद्धांत लहान असताना घरामागच्या हिरवळीवर बॅटिंग शिकवली ती त्यानेच, आणि शिकवली ती सोलापूरच्या बोळातली. त्या बोळात फलंदाजी मिळायची ती मोजक्या चेंडूंची. चेंडू सोडला तर तो फुकट, वर पोरांच्या शिव्या. बेसबॉलमध्ये चार वाईट चेंडू सोडले की माणूस बॅट टाकून आरामात पहिल्या बेसवर चालत जातो, ही भानगड शिरीषला फार उशिरा कळली. डोक्याला कळली, गळ्याला कळली नाही. प्रेक्षकांत बसला की प्रत्येक चेंडूवर त्याच्या तोंडून "मार!" निघायचंच. ते इतक्या जोरात, की क्लबातल्या जर्मन आजी-आजोबांनाही तो एक मराठी शब्द पाठ झाला होता.

मे महिन्यात एकदा जेवताना सिद्धांत ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा, दू मुस्ट निष्ट इमर कॉमेन." फार हळू म्हणाला, आणि तेच जास्त लागलं. बावीस वर्षं जर्मनीत काढलेल्या नवऱ्याला कळलं नसेल असं समजून साधनाने त्याचं मराठीही करून टाकलं.

"अहो, दर वेळी नका येत जाऊ, म्हणतोय तो."

शिरीषने आमटी संपवली आणि उठला. क्लबात प्रत्येक घराने मोसमातून एकदा तरी ग्रिल सांभाळायचं असतं. ग्रिलडीन्स्ट म्हणतात त्याला. धूर मैदानावर जाऊ नये म्हणून ग्रिल खोपटाच्या मागे मांडतात, तिथून खेळ दिसत नाही, त्यामुळे ते काम कुणालाच नको असतं. शिरीषने ते मोसमभरासाठी अंगावर घेतलं. क्लबने त्याचे जाहीर आभार मानले. तिथून काहीच दिसत नाही, हे त्याने सिद्धांतला मुद्दाम सांगितलं. खोपट आणि गवत कापायच्या मशीनची शेड यांच्यामधल्या वीतभर फटीतून बॅटिंगची जागा लख्ख दिसते, हे मात्र सांगितलं नाही.

पाव, मोहरीची चटणी, भाजलेली कणसं हातात घेऊन मंडळी ग्रिलभोवती उभी राहिली आणि चर्चा अपेक्षेप्रमाणे सिद्धांतवर आली. पाच रन कुणी काढले याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो शेवटच्या रनाचा. बरोबरी झालेली, तिन्ही बेसवर आपली माणसं, आणि बॅटिंगला सिद्धांत. पहिल्या दोन चेंडूंवर त्याने अशी बॅट फिरवली की हरीशने डोळेच मिटून घेतले होते. आणखी एकदा हुकला असता तर बाद. त्यानंतर त्याने बॅट हलवलीच नाही. चार वाईट चेंडू सोडले, नियमाप्रमाणे सगळे एकेक बेस पुढे सरकले आणि तिसऱ्या बेसवरचा माणूस चालत घरी, म्हणजे बॅटिंगच्या जागेपाशी आला आणि तोच जिंकणारा रन ठरला. सामना खिशात.

"आता म्हणतात सिद्धांतने जिंकून दिलं," हरीश म्हणाला. "अरे, नुसता उभा राहिला तो. उभं राहायला काय लागतं?"

"तुला सिग्नलला जमत नाही," ऊर्मिला म्हणाली.

प्रसन्न शांतपणे कणीस खात होता. ऑफस्टंपच्या बाहेरचे चेंडू सोडून ज्यांनी कसोट्या वाचवल्या त्यांची नावं तो एकेक करून घ्यायला लागला, तेव्हा हरीशने त्याला थांबवलं. ते वेगळं, हे वेगळं. तिथे माणूस ठरवून सोडतो, इथे पोरगं घाबरून गोठलं होतं. कोचला अक्कल असेल तर तो त्याला थोडे दिवस बसवेल, त्यातच पोराचं भलं आहे. प्रसन्नचं म्हणणं, गोठलेला माणूस चौथा चेंडू सोडू शकत नाही, त्याचा हात जातोच. हरीशने विचारलं, तुला काय माहीत. प्रसन्न म्हणाला, माझा गेला असता.

शिरीषने जाळीवरचं कणीस उलटलं. त्याचा गेला होता.

शेवटचा चेंडू आला तेव्हा तो फटीला डोळा लावून उभा होता. चेंडू आला तो कडेने, दोन बोटं बाहेर असेल नसेल. शिरीषचा उजवा हात आपोआप फिरला आणि चिमटा खोपटाच्या भिंतीवर आपटला. तोंडही उघडलं होतं. नेमका धूर आत गेला आणि ठसका लागला, म्हणून तो शब्द बाहेर पडला नाही. डोळे पुसून पुन्हा पाहिलं तेव्हा सिद्धांत बॅट खाली ठेवून चालायला लागला होता.

"आणि एक सांगू?" हरीशचा आवाज आता मऊ झाला होता. "पोरगं तुझ्याशिवाय गांगरलंय. पुढच्या रविवारी हे ग्रिलबिल दे दुसऱ्या कुणाला तरी. तू आमच्यात येऊन उभा राहा आणि दे आवाज पूर्वीसारखा."

"ते मात्र खरं," ऊर्मिला म्हणाली. "तुमचा आवाज नसला की सुनं सुनं वाटतं तिथे."

प्रसन्ननेही मान हलवली. वादात पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं होतं. शिरीषला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं. महिनाभर खोपटामागे उभं राहून तो स्वतःलाही कबूल करत नव्हता इतका प्रेक्षकांतल्या बाकावरच्या आपल्या जागेसाठी झुरला होता. बघू, असं म्हणून त्याने हरीशच्या पावावर चटणी घातली.

घरी जाताना सिद्धांत शेजारी बसला. गुडघ्यापर्यंत लाल माती होती. पुढच्या रविवारी खेळवणार आहेत, एवढं त्याने पट्टा लावता लावता सांगितलं. शिरीषने "छान" म्हटलं आणि गाडी काढली. गेला महिनाभर गाडीत दोघांचं बोलणं यापुढे जात नसे. आज कालव्यावरचा पूल ओलांडल्यावर सिद्धांत वळून म्हणाला,

"तू बघितलं का? शेवटचं?"

शिरीषने आरशात पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"कुठून बघणार? मी सॉसेज भाजत होतो."

"या, गेनाऊ. बरोबर," सिद्धांत म्हणाला, आणि सांगायला लागला. अर्धं जर्मन, अर्धं मराठी, हात सगळीकडे. पहिले दोन कसे हुकले, मग कोच कसा नुसता बघत राहिला, मागे बसलेला त्यांचा कॅचर चिडवायला काय काय पुटपुटत होता. शिरीषने हे सगळं पाहिलं होतं, पण कॅचरचं पुटपुटणं त्या फटीपर्यंत पोचलं नव्हतं.

"मग?" त्याने विचारलं.

"मग मी थांबलो. काही ऐकू येत नव्हतं, बाबा. गान्स श्टिल. मला फक्त बॉल दिसत होता."

शिरीषने गिअर बदलला.

"आणि शेवटचा?"

"तो एवढा बाहेर होता." सिद्धांतने दोन्ही हात पसरून दाखवले. डावा हात शिरीषच्या खांद्याला लागला.

"मग सोडलास ते बरं केलंस," शिरीष म्हणाला.

सिद्धांत त्याच्याकडे बघत राहिला. चेंडू सोडल्याबद्दल बापाकडून शाबासकी मिळायची त्याची ही पहिलीच वेळ होती. बराच वेळ तो पट्ट्याशी खेळत बसला. मग समोर बघत, शब्द शोधत म्हणाला,

"पुढच्या संडेला तू समोर ये, हवं तर. मला चालेल."

याच वाक्याची शिरीष मे महिन्यापासून वाट बघत होता. त्याने ते नीट ऐकून घेतलं.

"पुढच्या रविवारी गर्दी फार असणार," तो म्हणाला. "ग्रिल सोडून यायला नाही जमायचं मला."

"ओके," सिद्धांत म्हणाला. थोडं अंतर गेल्यावर त्याने सीट मागे रेलून घेतली, पाय लांब केले आणि डोळे मिटले. घर येईपर्यंत तो गाढ झोपला होता.